पासवर्ड फक्त सरांना माहीत

नव्वदच्या दशकात पाथर्डीला मी कॉम्प्युटरचा क्लास काढला. दोन मशिनं, आणि ऐट अशी, की साऱ्या तालुक्याला मीच शहाणा करणार. चपला दाराबाहेर काढायच्या. का, तर मी पुण्यात शिकलो तिथंही काढायला लावायचे. चपलेच्या धुळीनं व्हायरस येतो का, असं कुणी विचारलं की मी नुसता गूढ हसायचो, कारण मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

एक काम मात्र अकलेचं केलं होतं. मशीन चालू केलं की पडद्यावर चारच नावं यायची: टायपिंग, चित्रं, डेटाबेस आणि बंद करा. यापलीकडचं काही चालायचंच नाही. त्या यादीतून बाहेर पडायला पासवर्ड लागायचा आणि तो फक्त मला माहीत. कुणाच्या हातात बाहेरची फ्लॉपी दिसली की मी असा खेकसायचो, की बिचारा ती दप्तरात कोंबायचा.

क्लासला एक मुलगी होती. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. वडिलांनी तिला बजावलं होतं, "परीक्षा पास झालीस तर ऱ्हा हितं. न्हाई तर दिवाळीनंतर चल आमच्यासंगं." परीक्षेसाठी तिनं महिनाभर खपून शाळेच्या ग्रंथालयाचा प्रोग्रॅम केला. मशीन रोज एकच तास मिळायचं, म्हणून ती घरी वहीत ओळन् ओळ लिहून आणायची. मी चारचौघांत म्हणायचो, "अगं, कॉम्प्युटरच्या जमान्यात वही कसली कवटाळतेस?" तिनं प्रोग्रॅमची कॉपी मागितली, तर म्हणालो, "बाहेरची फ्लॉपी चालणार नाही. इथं सगळं सुरक्षित आहे."

परीक्षेला पाच दिवस राहिले होते. दुपारी क्लास रिकामा. मित्रानं नगरहून मोटारींच्या शर्यतीचा गेम फ्लॉपीवर दिला होता. मी पासवर्ड टाकला, स्वतःच्याच यादीतून बाहेर पडलो आणि तासभर गाडी पळवली. दुसऱ्या दिवशी मशीन उठेचना. त्या फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसनं हार्डडिस्क धुऊन टाकली होती आणि तिचा प्रोग्रॅम त्याच मशीनवर होता.

वीज गेली म्हणून झालं, असं सांगायचं मी ठरवलं होतं. पण ती दाराशी नीट चपला काढून आत आली आणि माझी जीभच रेटेना. सगळं कबूल केलं.

"सर, तुमी गेम खेळत हुता?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं डोळे पुसले आणि दप्तरातून वही काढली. "मशीन नीट करा. मी वाचते, तुमी टाइप करा."

चार दिवस मी टाइप करत होतो. स्वल्पविराम चुकला तरी ती ओरडायची, आणि मी निमूट खोडायचो.

ती पास झाली. दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला गेले, ती राहिली आणि माझ्याच क्लासात शिकवू लागली. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडून पासवर्ड मागून घेतला आणि कीबोर्डवर ओढणी धरून बदलला.

क्लास बंद होईपर्यंत नवा पासवर्ड मला माहीत नव्हता. विचारायची माझी छातीही झाली नाही.