गुडघ्यापर्यंतच भिजलेला दूधवाला

जयपूरला मी उतरलो तो सल्लागार म्हणून. धाकटी बहीण कुसुम आणि तिचे रेल्वेतले यजमान वसंतराव राजा पार्कात भाड्याने राहतात. आयुष्यभराच्या बदल्यांनंतर आता शहरातल्याच मानसरोवर भागात घर बांधायचं ठरलं होतं. दोन प्लॉटपैकी एकाचा नंबर दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला कळवायचा होता. मी चिपळूणचा, तेव्हा पाण्यातलं मला कळतं, अशी माझी समजूत. ती मी घरभर पसरवली आहे.

संध्याकाळी स्कूटरवरून प्लॉट पाहिले. एक कोरड्या टीब्यावर (वाळूच्या उंचवट्यावर), दुसरा खाली, छान हिरवा.

"खालचा घ्या," घरी परतल्यावर कचोरी खाता खाता मी म्हणालो. "हिरवळ आहे तिथे विहिरीला पाणी लागतं."

"मतलब, पावसात तुंबणार नाही ना?" वसंतरावांनी विचारलं.

"जयपूरच्या पावसाला तुम्ही पाऊस म्हणता?"

कुसुम म्हणाली, "दादा, घर मला झाडायचंय, तुला नाही." मी कचोरी खात राहिलो.

पहाटे पाऊस सुरू झाला. दोन तास असा कोसळला की मी चिपळूणचं नाव काढणं बंद केलं. थांबला तेव्हा गल्लीतलं पाणी पायरीला लागलं होतं. त्यातून सायकल ढकलत दूधवाला आला. गुडघ्यापर्यंत ओला, पण डोक्यावरचा साफा कोरडा ठणठणीत आणि त्यावर धूळ.

"गावात पाऊस नाही?" मी विचारलं.

"छांट कोनी, बाबूजी (एक थेंब नाही). तुमच्या शहराचं सिमेंट दिवसभर तापतं. ढग इथंच अडकतात."

हे शास्त्र खरं की खोटं, मला ठाऊक नाही. पण त्याने आकाशाकडे जसं आशेने पाहिलं, तसं मी कधी पाहिलेलं नाही.

आम्ही तडक मानसरोवर गाठलं. खालच्या प्लॉटवर दोन म्हशी निवांत डुंबत होत्या.

"लागलं दादाच्या विहिरीला पाणी," कुसुम म्हणाली.

वसंतराव भल्या स्वभावाचे. त्यांनी फक्त टीब्यावरच्या प्लॉटचा नंबर कळवला.

चिपळूणला परतताना गाडीतून शहराचं शेवटचं घर मागे पडलं आणि थोड्याच वेळात खिडकीतून धूळ आत येऊ लागली. दोन्ही बाजूंना बाजरी माना टाकून उभी होती. बहिणीचं घर बुडता बुडता वाचलं, म्हणून मी खुशीत होतो. पण ज्या पावसाने माझी चूक वेळेवर दाखवली, त्याची वाट खरी इथे बघितली जात होती.