बारा हजार रेघा

आमच्या कारखान्यामागे पत्र्याच्या कातरणीचा ढीग असतो. तो कोणी मुद्दाम जमवत नाही. रोज दोन-चार पट्ट्या पडतात, आणि एक दिवस मागचं दार उघडायला जागा उरत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं सहज विचारलं, "गजूभाऊ, पत्र्याच्या कारखान्यात दिवसभर होते तरी काय?" मी सुरू झालो, तो मठ्ठा येईपर्यंत थांबलोच नाही!

वर्ध्याच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना तसा लहानच. घरावर, गोठ्यावर टाकायचे नालीदार पत्रे आम्ही करतो. मी तिथला इलेक्ट्रिशियन. मनोहरकाका वीस-एकवीस वर्षं हाताच्या कटरवर पत्रे कापत आले. मागच्या जुलैत शेठनी ऑटोमॅटिक मशीन आणलं आणि ते चालवायला नाचणगावची वैशाली ठेवली. आयटीआय झालेली, हुशार पोरगी. शेठनी पहिल्याच दिवशी तिला अट घातली, "सहा महिने ट्रायल. मापासाठी एकबी पत्रा वापस आला, त घरी. नाई आला, त परमनंट."

वैशालीला ही नोकरी हवीच होती. तिच्या बरोबरीची सगळी पोरं पुण्याला गेली होती. तिला मात्र आईला एकटं टाकून जायचं नव्हतं.

*

"मशीनमध्ये टेप कुठं आहे?" हा शेठचा पहिला प्रश्न.

वैशालीनं पत्र्यावर टेकलेलं रबरी चाक दाखवलं आणि चाकाच्या दांड्याला जोडलेली मुठीएवढी डबी दाखवली. "हा एन्कोडर, शेठ. याच्या आत काचेची गोल चकती आहे. तिच्या कडेनं हजार काळ्या रेघा. एका बाजूनं बारीक लाईट, दुसऱ्या बाजूनं डोळा. चकती फिरली का रेघ मधात येते, अंधार. रेघ सरकली का उजेड. मशीन तेवढंच मोजते. चाकाचा घेर एक फूट, म्हणजे हजार रेघा झाल्या का एक फूट पत्रा गेला."

"आन् बारा फुटाले?"

"बारा हजार. का ब्लेड खाली!"

शेठ खूश झाले. काका मात्र डबीकडे संशयानं पाहत होते. "आन् मोजता मोजता याले झोप लागली त?"

"त्याच्यासाठीच त मले ठेवलं, काका!"

*

काकांचा विश्वास बसायला वेळ लागला. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून ते मशीनपाशी जात आणि चाक बोटानं फिरवून पाहत. स्क्रीनवरचा आकडा वाढताना बघत बसत. एक दिवस त्यांनी चाक मागे फिरवलं, तर आकडा चक्क कमी व्हायला लागला! काका दचकलेच.

"पोरी, अंधार-उजेड त दोन्हीकून सारखाच. मी मांगं चाललो, हे याले कसं समजलं?"

खरं तर मलाही माहीत नव्हतं. पण मी आपला पान्हा पुसत उभा राहिलो, जणू काही हे लहानपणीच शिकून झालंय!

"डोळे दोन आहेत, काका," वैशाली म्हणाली. "एकमेकाईपासून जरासे सरकवलेले. पुढं जाताना एकाले आधी अंधार दिसते, मांगं येताना दुसऱ्याले. कोनाले आधी दिसला, त्याच्यावरून याले दिशा समजते."

काका बराच वेळ चाक पुढे-मागे करत बसले. मग एक सुस्कारा सोडून म्हणाले, "माह्या नातवाले पाढा सुलटा येत नाई, आन् हे उलटा म्हणून राह्यलं!"

*

आता माझा पराक्रम. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

सर्व्हिसिंगच्या वेळी एन्कोडर काढून परत बसवायचा होता. दांडा जरा घट्ट जात होता. घट्ट वस्तूला आमच्याकडे एकच औषध! वैशाली पाणी प्यायला गेली होती. मी हातोडी घेतली आणि अगदी प्रेमानं एक टिचकी मारली. दांडा बसला. पण डबी हलवून पाहिली तर आतून पोराच्या खुळखुळ्यासारखा आवाज! हजार रेघांची काच माझ्या एका टिचकीत संपली होती.

नवा एन्कोडर यायला तीन दिवस लागले. मशीन बंद, शेठ लाल. त्यांनी वैशालीला विचारलं, "कसं झालं हे?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "काच नाजूक असते, शेठ." तिची ट्रायल चालू होती, आणि माझी चूक तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन कबूल केलं, "शेठ, हातोडी मी मारली."

शेठ फाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "माहीत आहे. आवाज इथवर आलता."

*

मग दसरा आला. शेठच्या माँजी दरवर्षी दसऱ्याला कारखान्यात येतात आणि प्रत्येक मशीनला स्वतःच्या हातानं हळद-कुंकू लावतात. त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती नाही, शेठचीही नाही! या वेळी त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की नव्या मशीनचा डोळा एका डबीत असतो.

"डबी खोल," माँजी म्हणाल्या. "कुंकू डोळ्यालेच लावाचं. वरून काय लावाचं?"

काचेवर कुंकवाचा एक ठिपका पडला असता तर किती रेघा झाकल्या गेल्या असत्या, देव जाणे. शेठ छताकडे पाहायला लागले. मी बाहेर सटकायच्या बेतात होतो. वैशाली मात्र गेली, आणि कपाटातून मी फोडलेला जुना एन्कोडर लख्ख पुसून ताटात घेऊन आली. "माँजी, हा मोठा डोळा. यानंच आधी काम सुरू केलं. पहिला मान याचा."

माँजींनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, फूल वाहिलं, आणि जाताना त्याला घरी घेऊन गेल्या. माझ्या हातोडीनं गेलेला एन्कोडर आज शेठच्या देवघरात आहे. मी कामाला लागल्यापासून माझ्या हातून झालेलं एवढंच पुण्यकर्म!

*

लाईटचा किस्सा छोटा आहे. एकदा सात फूट पत्रा बाहेर आला आणि लाईट गेली. परत आली तेव्हा स्क्रीनवर शून्य. एन्कोडर फक्त रेघा सांगतो, कितवी रेघ ते लक्षात ठेवत नाही. मशीननं नव्यानं बारा फूट मोजले आणि एकोणीस फुटांचा पत्रा काढून ठेवला. काकांना त्याची पहिल्यांदाच माया आली. "माह्यावानीच आहे बिचारं. मीबी लाईट गेली का काय बोलून राह्यलो होतो ते विसरतो."

*

डिसेंबरात एक दिवस पत्रे कधी लांब, कधी आखूड यायला लागले. मी वायरी तपासल्या. मशीनवाल्या कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस दर वेळी एकच सांगे, "बंद करून चालू करा." वैशालीनं सगळा माल अडवून धरला, एकही पत्रा गाडीत चढू दिला नाही. तिचा चेहरा पाहवत नव्हता. ट्रायलचा शेवटचा महिना सुरू होणार होता.

काकांनी खिशातून खडू काढला. चाकाचा दांडा आणि एन्कोडरचा दांडा जिथे जोडलाय, तिथे दोन्हींवरून एक सरळ रेघ ओढली. दोन पत्रे काढले. पाहतो तर रेघेचे दोन तुकडे! जोडावरचा स्क्रू ढिला झाला होता. चाक फिरत होतं आणि एन्कोडर मनाला येईल तेव्हा त्याच्यासोबत जात होता.

"डबीत काई खराबी नाई," काका म्हणाले. "नवरा-बायको एकाच घरात आहेत, पन बोलणं बंद आहे."

मी स्क्रू आवळला. अबोला मिटला. वैशाली काकांच्या पायाच पडली.

*

आणि आता हा शेवटचा किस्सा.

जानेवारीतली गोष्ट. शुक्रवारी वैशालीचे सहा महिने पुरे होणार होते. मंगळवारी सकाळी रोहण्याचे बाबारावभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. हे आमचं जुनं गिऱ्हाईक. ट्रॉलीत आमचेच वीस पत्रे.

"शेठ, पत्रे कमी भरले. वापस घ्या."

वैशालीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.  शेठ टेप घेऊन उतरले आणि स्वतः मोजायला लागले. पहिला पत्रा बारा फूट. दुसरा बारा फूट. विसाच्या वीस बारा फूट!

"भाऊ, बारा फूट त आहे!"

"म्हणूनच त कमी आहे!" बाबारावभाऊ ओरडले. "माह्या जुन्या गोठ्यावर तुमचेच पत्रे आहेत, बाराचेच. आता गोठा वाढवला, त नवे त्याईच्या बाजूले टाकले. जुने दोन बोटं पुढं येतात. परवाच्या अवकाळीत जुन्याचं पाणी गव्हाणीच्या बाहेर पडलं आन् नव्याचं गव्हाणीत. माहे बैल काय कडबा बुडवून खातीन?"

 मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा मनोहरकाकांकडे वळल्या. काका स्वतःच्या चपलांकडे पाहत होते.

"काका?" शेठ म्हणाले.

"देत होतो दोन बोटं वर. वजन झाल्यावर भाजीवाली दोन मिरच्या टाकते का नाई? तसं."

"हरेक पत्र्याले?"

"हरेक."

"एकवीस वर्षं?"

काकांनी मान वर केली. "मंग गिऱ्हाईक काऊन परत येत होतं, शेठ? तुमचं तोंड पाहाले?"

 शेठच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेवढ्यात वैशाली बारीक माप घ्यायचा व्हर्नियर घेऊन पुढे आली. "काका, बोटं दाखवा." काकांनी दोन बोटं जोडून धरली. तिनं माप घेतलं. "अडतीस मिलीमीटर. म्हणजे सव्वाशे रेघा. शेठ, मशीनले सांगता येते. बारा हजाराच्या जागी बारा हजार एकशे पंचवीस. पन तुमी म्हणान त."

शेठनी तिच्या हातातून व्हर्नियर घेतला आणि आपल्याच दोन बोटांना लावला. "माही किती भरली?"

"बत्तीस. एकशे पाच रेघा."

शेठनी आपल्या बोटांकडे पाहिलं. काकांच्या बोटांकडे पाहिलं. बाबारावभाऊ खाकरले.

"काकाचीच टाक," शेठ म्हणाले.

वैशालीनं आकडा टाकला. मग पाठमोरीच उभी राहून तिनं हळूच विचारलं, "शेठ, पत्रे त वापस आले. मंग माह्यं शुक्रवारचं...?"

शेठ टेप गुंडाळत ऑफिसकडे निघाले होते. तिथूनच म्हणाले, "माप त बरोबर होतं. पत्रे काकाच्या बोटासाठी वापस आले. शनिवारी जरा लवकर येजो, मोठी ऑर्डर आहे."