आत्याबाईंच्या शालीची लोकर

सेलूच्या वकिलांकडं मी लेकरं सांभाळायला आले, तेव्हा माझी शाळा सुटली होती. तिसरीच झाली होती, ती पण उर्दूतली; तेव्हा आमच्याकडं शाळा उर्दूतच असायची. आमचं राणीसावरगाव तिथून लय लांब. आल्याआल्या मला हिवतापानं धरलं. घरात वकिलांच्या विधवा आत्याबाई होत्या, सोवळ्याच्या कडक. त्यांनी मला काढा पाजला, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, आणि मला हात लागला की दर वेळी देवघरात जाण्याआधी विहिरीच्या गार पाण्यानं आंघोळ केली. त्या कुडकुडायच्या, मी गोधडीतून बघायची. उपकार वाटायचे आणि धाकही वाटायचा, की ही बाई कधीतरी कंटाळून मला गावाकडं धाडील.

दिवाळीला त्यांना काही द्यावं असं मनात आलं. वकिलीणबाईंनी मला विणायला शिकवलं होतं. पण माझ्या हातचं आत्याबाईंना कसं चालावं? विचार करता करता सुचलं, लोकरीला विटाळ नसतो. त्या सोवळ्यात नेसायच्या ती धाबळी लोकरीचीच होती, आणि ती जागोजाग विरली होती. तेव्हा लोकरीची शाल विणली तर त्या घेतील. मात्र तिच्यात सुताचा एक धागा नको. सूत शिरलं की सोवळं मोडलं, आणि मोडलं ते माझ्यामुळं.

आता सेलूत कापूस टाळायचा म्हणजे बघा. दिवाळीच्या सुमाराला सरकी काढायच्या जिनांतून कापसाची पिंज उडायची ती केसांत, डाळीत, अंथरुणात.

बाजारात लोकरवाल्या चाचांच्या दुकानी मी वकिलीणबाईंसोबत गेले. एकेक लच्छी हुंगली, ओढली, पीळ उलगडून बघितला. चाचा हसायला लागले.

"खालिस ऊन है बेटी. भरोसा नै तो जला के देखो, बालां की बास आएगी."

त्यांनीच दोरा तोडून काडी लावली. केस जळल्यासारखा वास आला. तरी मला वाटलं, एवढ्या खुशीनं जाळून दाखवायलाय म्हणजे वरचा दोरा खरा आणि आतला सुताचा असणार.

"तू कोतवालीत नोकरी धर बाई," वकिलीणबाई म्हणाल्या, "घरोघर चोर सापडतील."

तांबडी आणि बदामी अशा लच्छ्या घेतल्या. घरी आल्यावर वकिलीणबाईंनी आपल्या ट्रंकेतली राखाडी काढून दिली. "ही काठाला घे." घरचीच ती, मी हुंगलीसुद्धा नाही. तिनंच टाके घालून विणायला बसले.

शाल अर्ध्यावर आली आणि चाचांवरचा संशय मला खायला लागला. एका दुपारी सगळे लवंडले होते. न्हाणीमागं बसून मी तांबड्या-बदामी लच्छ्यांच्या पोटातले दोरे काढून जाळायला लागले.

"काय जाळायलीस गं?"

आत्याबाई दाराशी उभ्या होत्या, नाकाला पदर.

"काही न्हाई ओ."

"केस जळायलेत. कुणाचे? बाळाचं जावळ का? कुणी शिकवून पाठवलं तुला?"

करणीचा संशय! मी हातातला दोरा पुढं केला. "लोकर हाय, आत्याबाई."

"लोकर कोण जाळतं? विकत आणायची आणि जाळायची?"

मग सांगावंच लागलं. शाल आणून पुढ्यात ठेवली. त्यांचा विश्वास बसला असं काही नाही. चुलीतला निखारा त्यांनी परातीत घेतला, लांबच बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासमोर जाळ. सगळे रंग."

तांबडा जळला, केसांचा वास. बदामी जळला, तोच वास. राखाडी दोरा निखाऱ्यावर पडला आणि भुर्रकन पेटला. कागद जळल्यासारखा वास, मागं पांढरी राख. सूतच ते.

"ही त्या दुकानातली?"

वकिलीणबाईंचं नाव कसं घ्यायचं? त्यांच्या घरात राहायचं आणि त्यांच्यावरच बोट ठेवायचं?

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग माजघरातल्या ट्रंकेकडं. त्या ट्रंकेत काय आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

"पोरी, चाचाची लोकर जाळून बघितलीस आणि ही नाही?"

"घरची होती ओ."

त्या हसल्या नाहीत. "उसव."

काठापासून सुरुवात केलेली, म्हणजे सगळीच शाल उसवायची. दिवाळी तोंडावर आलेली. डोळ्यांत पाणी आलं. "आता दिवाळीला होत न्हाई, आत्याबाई."

"न होऊ दे. थंडी दिवाळीलाच संपायलीय का? पौषात दे. माघात दे. तू कुठं जायलीस?"

मी मान खाली घालून टाके सोडायला लागले. दोरा जमिनीवर पडून पिंज धरायला लागला तसा त्यांनी हात पुढं करून त्याचं टोक उचललं. लोकरच ती, त्यांना चालत होती. मी उसवत गेले आणि त्या लांबूनच गुंडा करत गेल्या. तांबडं संपून बदामी आलं. मधूनच हात थांबवून त्या दोरा नाकाशी न्यायच्या, माझ्याकडं एकदा बघायच्या, आणि पुन्हा गुंडाळायला लागायच्या.