कुणाला कुठं बसवायचं

उनाइसीबरोबर मी पहिल्यांदा गावात गेले तेव्हा माझं मत झालं होतं की ही बाई कामचुकार आहे. आम्ही राजधानीतून, सुवाहून बोट पकडून गेलो होतो ते मुली शाळा का सोडतात याची पाहणी करायला. आणि ही बया तिथल्या बायकांत पाय पसरून चटईच्या पात्या विणत बसली. प्रश्न नाही, टिपण नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला पोरींबरोबर शिंपले काढायला गेली. तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "बाई, आपण इथं माहेरपणाला आलोय का?"

ती म्हणाली, "सुमिंत्रा, कोण कुणाची बहीण हे कळल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. तू खा ना गपचूप."

आणि दालोचा एक कंद माझ्या पुढ्यात सरकवला.

मी बा नावाच्या भागातल्या ऊसमळ्यात वाढले. आम्हा भारतीय वंशाच्या लोकांत भाऊ बहिणीच्या पाठीत धपाटा घालतो आणि बहीण आईकडे जाऊन त्याचं सव्याज परत करते. उनाइसीच्या, बेटांवरच्या मूळ लोकांत तसं नाही. वयात आल्यावर बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, चुलतसुद्धा. निरोप द्यायचा तर तिसऱ्याच्या तोंडून. दोघं एका छपराखाली असतील तर अंगाबिंगाची गोष्ट तिथं कुणीच काढायची नाही. काढलीच, तर भाऊ उठून निघून जातो. आते-मामे भावंडांची तऱ्हा बरोबर उलटी. त्यांनी एकमेकांना काय वाट्टेल ते बोलावं, शिव्या घालाव्यात, ताटातला मासा पळवावा, राग मानायचा नाही.

हे सगळं उनाइसीच्या रक्तातच होतं, पण तिनं त्याचं शास्त्र केलं. तरुणपणी ती एका बड्या पाहणीत कारकून होती. परदेशी शिकलेले साहेब आख्खं गाव एका सभाघरात बसवायचे आणि मुलींच्या आरोग्याबद्दल विचारायचे. अळीमिळी गुपचिळी! मग अहवालात यायचं, पालकांना शिक्षणाची आस्था नाही. उनाइसी ते टंकलिखित करता करता दात खायची. एक दिवस तिनं यंत्रावर झाकण घातलं, नवऱ्याला सांगितलं की काही वर्षं तुझ्या बस चालवण्याच्या पगारावर भागवावं लागेल, आणि एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत आमची संस्था थाटली. मी नुकतीच शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. घरी सुनेशी पटत नव्हतं, म्हणून लिहिण्याचं काम मी घेतलं.

"मला फार काही येत नाही," ती पाहुण्यांना सांगायची, "पण कुणाला कुठं बसवायचं ते येतं." विनय वगैरे काही नाही हो. आपल्याइतकं ते कुणालाच येत नाही, अशी तिची पक्की खात्री होती, आणि ती बरोबर होती. तिच्या पाहण्यांमुळे दोन बेटांवर शाळेच्या बोटी सुरू झाल्या, एका ठिकाणी गरोदर राहिलेल्या पोरीला परत वर्गात घेतलं. सरकारी माणसं तिला पाहून खुर्ची पुढे करायची, काही प्रेमानं, बरीचशी धास्तीनं.

तर अशी ही उनाइसी स्वतःच्या बापाच्या गावात, वाइसोमोत, कशी अडकली ते सांगायचंय.

वाइसोमोच्या शाळेत मुलींची गळती फार. कारण आम्हाला चार दिवसांत कळलं. गावात ते कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. मोठ्या वादळात मुलींच्या संडासाचं दार उडालं ते उडालंच, नळही कोरडा. समोर रग्बीचं मैदान, दिवसभर पोरं खेळतात. महिन्याचे ते दिवस आले की मुली घरी बसायच्या. मग अभ्यास मागे पडायचा, आणि मग एखादी येईनाशीच व्हायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि वादळाच्या मदतीत आलेलं सिमेंट, लाकूड, पत्रे शाळा समितीनं कशासाठी ठेवले होते? रग्बीच्या संघाला कपडे बदलायची खोली बांधायला!

समितीचा प्रमुख आपिसाई, उनाइसीचा चुलत भाऊ. लहानपणी दोघं एका होडीत मासे धरायला जायची. ती वयात आल्यापासून त्यांच्यात शब्द नाही. माणूस सज्जन, चर्चमध्ये याचा आवाज सगळ्यांत खणखणीत. त्याची मुलगी तोरिका नववीत, वर्गात पहिली येणारी, आणि गेला महिनाभर घरी. वार्षिक परीक्षेआधी ती परतली नाही तर वर्ष बुडणार. वाइसोमोत वर्ष बुडालेली मुलगी परत शाळेत गेल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"पण तिच्या आईनं त्याला सांगितलं असेल की," मी म्हटलं.

"सांगितलंय. त्याला सगळं ठाऊक आहे. पण घरातलं सभेत नेणार कोण? समितीत जो तो कुणाचा तरी बाप नाहीतर भाऊ. विषय काढायचा कुणी?"

"मग मी काढते. मी कुणाचीच बहीण नाही."

उनाइसी हसली. "तू बोललीस तर ते मान हलवतील, तुला लिंबाच्या पाल्याचा चहा पाजतील, आणि बोटीत बसवून देतील. पाहुणीचं बोलणं पाहुणीबरोबर परत जातं गं."

तिनं मग आपला हुकमी पत्ता काढला. लाइसानी ही आपिसाईची मामेबहीण. तोंड म्हणजे तोफखाना. दुपारी सभाघराच्या ओट्यावर पुरुष यांगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, पीत बसले होते. उनाइसी मुद्दाम लांब किनाऱ्यावर गेली. मी ओट्याच्या कडेला होते. लाइसानी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सुरू झाली.

"काय रे आपिसाई, घोड्यांना चड्डी बदलायला बंगला बांधतोयस म्हणे! आणि पोरींनी काय, झाडामागं जायचं? एकदा माझा परकर नेसून बस त्या संडासात, समोर तुझा आख्खा संघ उभा करते. मग बघू किती वेळ गातोस भजनं!"

हशा असा पिकला की एकाच्या हातातली यांगोनाची करवंटी सांडली. आपिसाईही हसला. "आण तुझा परकर, पण माझ्या मापाचा आहे का बघ," तो म्हणाला. आणि पुढची करवंटी फिरली. सगळं हसण्यावारी गेलं.

नुसतं गेलं असतं तरी चाललं असतं. संध्याकाळपर्यंत त्या परकराचं गाणं झालं. तोरिका पाणी आणायला निघाली तर मैदानावरची पोरं तिच्या मागून ते म्हणू लागली. पोरगी बादली टाकून घरी आली आणि दप्तर चुलीत घालायला निघाली. आईनं कसंबसं हिसकावून घेतलं.

आम्ही गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. "आत्या, तू कशाला आलीस गं गावात?" ती म्हणाली. "आधी निदान कुणी बोलत तरी नव्हतं. आता मी सुवाला मावशीकडे जाणार. बाजारात केळी विकीन. पण त्या मैदानावरून परत जायची नाही."

उनाइसीनं तिच्या पाठीवर हात ठेवायला हात उचलला आणि तसाच मागं घेतला. बाहेर आल्यावर मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मला तिची कीव आली होती, आणि तिला कीव केलेली मुळीच खपत नाही.

"चूक माझी," ती सरळ म्हणाली. "थट्टेतलं थट्टेतच राहतं. ते बोलणं उद्या कुणी धरून बसत नाही. मी दुसऱ्या गावात असते तर हे मला पहिल्या दिवशी सुचलं असतं. इथं भावाची लाज वाचवायला गेले आणि पोरीला बुडवलं." मग म्हणाली, "चल, आकानिसी बुबूकडे."

आकानिसी ही गावातली सगळ्यांत म्हातारी, आख्ख्या गावाची बुबू, म्हणजे आजी. आम्ही गेलो तेव्हा ती पानाची विडी ओढत होती. उनाइसीनं तिच्यापुढं यांगोनाच्या मुळ्यांची जुडी ठेवली, पोकळ तळव्यांनी टाळ्या वाजवल्या, रीतीचं सगळं बोलली आणि मग विचारलं, "बुबू, तुझे भाऊ?"

"सख्खा वादळात गेला. चुलत सगळे म्हातारपणानं गेले. मी मेले तर मला उचलायला एक भाऊ उरला नाही."

"म्हणजे तुला सभेत काहीही बोलता येतं."

म्हातारीनं विडी खाली ठेवली. डोळे बारीक करून उनाइसीकडे पाहिलं. "अगं सटवे," ती म्हणाली, "मी बोलेन. पण ऐकायला तुम्ही सगळ्या बहिणी बसलेल्या असाल, आणि तुमचे भाऊ. जमिनीत गडप होतील बिचारे."

"होऊ देत. बुबू, विचार कर. तू बोललीस की त्यांना विरोध करायचाय. कसा करणार? 'नको' म्हणायचं तर काय नको ते सांगायला हवं. बहिणींसमोर कोण तोंड उघडतोय?"

बुबू आधी खुदकन हसली, मग तिला ठसका लागला आणि मी पाणी आणायला धावले.

परत येताना मी म्हटलं, "उनाइसी, हा सरळ सरळ कट आहे."

"कट कसला? आमची रीत आहे. इतकी वर्षं त्या रीतीनं बायकांची तोंडं बंद ठेवली. एक दिवस पुरुषांची ठेवू दे."

समितीच्या सभेच्या दिवशी सकाळीच तिनं बायका आणून बसवल्या. बायकांनी दाराशी बसायचं असतं, तिथंच बसवल्या, पण अशा दाटीनं की कुणाला मधेच उठून जायचं तर वाकून आपल्या बहिणीच्या खांद्याशेजारून जावं लागलं असतं. तसं जाण्यापेक्षा माणूस बसून राहील. वरच्या अंगाला एक लहान दार असतं, मानकऱ्यांचं. ते मात्र तिनं सताड उघडं ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, "ते आपिसाईचं. त्यानं मान सांभाळून तिथून जावं. तो गेला की त्याचा उपप्रमुख सभा पुरी करेल. माझ्यामुळं त्याची अब्रू जायला नको." सुरुवातीपासून एवढीच एक चिंता तिच्या चेहऱ्यावर मला दिसली.

पुरुष आले, बायकांची गर्दी बघून चपापले, पण बसले. आपिसाई वर, उघड्या दाराजवळ. यांगोना झाली. शाळेच्या रस्त्याचा विषय झाला, आवारात शिरणाऱ्या डुकरांचा झाला. मग आकानिसी बुबू बसल्या जागेवरून बोलली. थट्टा नाही, आडवळण नाही. दार नाही, पाणी नाही, मुलींचे ते दिवस येतात, त्या घरी बसतात. आपल्या पणतीचं नाव घेतलं, मग तोरिकाचं घेतलं. म्हणाली, "देवानंच दिलेलं आहे ते. त्यासाठी एक दार मागतेय मी."

सभाघरात एवढे धिप्पाड रग्बी खेळणारे पुरुष, आणि एकाचीही मान वर नाही. एकजण चटईचा धागा उपटत होता. घाम मलासुद्धा फुटला, आणि माझा तर तिथं भाऊही नव्हता. सगळे वाट बघत होते, आपिसाई केव्हा उठतो याची. उनाइसी दाराशी खाली बघून बसली होती. तिची बोटं कमरेला गुंडाळलेल्या सुलूची कड चुरगाळत होती.

आपिसाई उठला नाही.

उघडं दार त्याच्या हाताच्या अंतरावर होतं. मुलीचं नाव भर सभेत घेतलं गेलं होतं, बहीण समोर होती, जाण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. पण तो गेला असता तर पुढं कधीतरी कुणीही म्हणू शकलं असतं की प्रमुख नव्हता, हे ठरलेलं धरू नका. हे उनाइसीच्याही ध्यानात आलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी गत झाली त्याची. मानेपर्यंत लाल झालेला तो माणूस चटईकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाला, "बुबूंचं ऐकलं. कुणाला काही बोलायचंय?"

कुणी बोललं नाही. बोलणार काय?

"मग ठरलं. सिमेंट, लाकूड, पत्रे सगळे तिकडे." त्यानं टाळ्या वाजवल्या. पुरुषांनी वाजवल्या. "पुढचा विषय."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तो स्वतः पाया खणायला लागला. रग्बीची पोरं आधी लांब उभी होती. मग एकेक करून वाळू वाहायला आली, गाणं न म्हणता. आमची बोट आठवड्यानं होती. जायच्या दिवशी उनाइसी आणि मी सामान घेऊन शाळेजवळून निघालो. भिंती उभ्या होत्या, आपिसाई दाराची फळी बसवत होता. तोरिका खिळे देत होती.

आम्हाला पाहिल्यावर त्यानं पाठ फिरवली, रीतीप्रमाणे. उनाइसीनंही मान वळवली. पण पावलं तिची जरा हळू झाली.

"तोरिका," तो मुलीला म्हणाला. ती त्याच्या हाताशी उभी होती, तरी आवाज त्यानं नको तितका मोठा काढला. "आत्याला विचार, कडी कुठं लावू? बाहेरून की आतून?"

तोरिकानं आमच्याकडे पाहिलं. सगळं ऐकू आलेलं होतं, तरी तिनं शब्दन् शब्द पुन्हा विचारला.

चाळीसेक वर्षांत भावानं तिला विचारलेलं ते पहिलं काही. तिनं हातातलं सामान खाली ठेवलं.

"बाबाला सांग," ती समुद्राकडे बघत म्हणाली, "आतून. आणि चांगली मजबूत लाव म्हणावं."

"बाबा, आतून," तोरिकानं सांगितलं, आणि पेटीत चाचपून तिनं त्यातल्या त्यात मोठे स्क्रू शोधून त्याच्या हातावर ठेवले.