लाल दोऱ्याचा कॅमेरा

सातपूरच्या आमच्या चाळीतला सोमनाथ लग्नाचे फोटो काढायचा. त्याच्याकडे दोन सारखेच कॅमेरे. एकात रोल, दुसरा कायम रिकामा. त्या रिकाम्याच्या पट्ट्याला खुणेचा लाल दोरा. मांडवात मामा-मावशा "आमचा पण एक काढा" म्हणून हात धुऊन मागे लागले की सोमनाथ रिकाम्या कॅमेऱ्याचा फ्लॅश मारायचा. ते खूश, याचा रोल वाचला. मी खंडेराव, शेजारचा शिंपी, तोंडावर त्याला लबाड म्हणायचो.

दोन हजार एकच्या मार्गशीर्षात त्याची बायको उज्वला अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आठवडा सांगितला. लग्नानंतर दोघं गुहागरच्या पुढे एका निवांत, खडकाळ किनाऱ्यावर गेले होते. तो काळा खडक तिला पुन्हा एकदा बघायचा होता.

"जन्मभर लोकांची तोंडं काढली," ती म्हणाली. "माझ्यासाठी तेवढा समुद्र आणा."

तो निघताना तिने पदर सारखा केला आणि आपलाही एक काढायला सांगितला. तिच्याकडे बघवत नव्हतं. असला फोटो मागे ठेवायची सोमनाथची छाती होईना. त्याने लाल दोऱ्याचा कॅमेरा उचलून फ्लॅश मारला, दुसरा पिशवीत टाकला आणि एसटी गाठली.

तिथे दिवसभर तो खडकांत उभा राहिला. लाट फुटून पाणी ओघळेपर्यंत थांबायचं, मग बटण दाबायचं. असं छत्तीस वेळा.

परतल्यावर माझ्याच दुकानात तो रोल गुंडाळायला बसला. दांडी गरगर फिरली, ताणच लागेना. झाकण उघडलं तर आत रोल नाही. मागच्या लग्नात चांगला कॅमेरा अडला, तेव्हा घाईत त्याने नवा रोल लाल दोऱ्याच्या कॅमेऱ्यात भरला होता. चांगला नंतर दुरुस्त झाला, पण दोरा सोडायचा राहून गेला.

मी त्याला नको ते बोललो. आता वाटतं, जीभ झडायला हवी होती. पुन्हा जा म्हटलं, तर तो म्हणाला, "ती थांबेल का?"

मग तो तिच्या उशाशी बसून समुद्र तोंडाने सांगत राहिला. ती डोळे मिटून ऐकायची. तिसऱ्या दिवशी गेली.

लाल दोऱ्याच्या कॅमेऱ्याला सोमनाथने हात लावला नाही. तेराव्यानंतर मीच रोल धुवायला दिला. लग्नातले पाच-सहा फोटो निघाले आणि शेवटचा उज्वलाचा. गालफडं बसलेली, पण हसू तोंडभर.

सोमनाथने फोटो दोन्ही हातांत धरला.

"खंडेराव, मी हिला फसवत होतो," तो म्हणाला. "आणि ही माझ्याकडे बघून हसत होती."