धुतलेली खडी

काँक्रीटमध्ये सगळ्यात कच्ची जागा कुठली, तर सिमेंट आणि खडी एकमेकांना भिडतात ती. खडीच्या अंगालगत केसाहूनही बारीक पट्टा असतो. तिथं पाणी साचतं, ते उडून गेलं की पोकळ्या उरतात. खडीवर धूळ असेल तर पकड आणखीच सुटते. नांदेडला मी पोरांना हे शिकवते आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाखाली हेच बघत बसते. घरचे म्हणतात, हिला दगडाचं वेड लागलंय. लागलंय खरं.

अहमदपूरचं आमचं घर धाकट्या भावानं यंदा पाडलं. त्याला मजले चढवायचे होते, त्याचंही चूक नाही. मी फोनवर म्हटलं, स्लॅबचा एक तुकडा ठेव माझ्यासाठी. "आक्का, लोकं आईची भांडी नेतेत, तू मलबा घेऊन जाऊन राहिली का?" असं म्हणून हसला, पण ठेवला.

मला त्या तुकड्यात आईच शोधायची होती.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. हे घर बांधताना, स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी, ऐन उन्हाळ्यात, टँकरच्या पाण्यावर दिवस काढत असताना, ही बाई खडी धूत बसली होती. तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडलेली. त्यात खडी भरायची, टाकीत बुचकळायची, निथळू द्यायची. सिमेंटमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मुकादम म्हणाला, "बाई, खडी धुऊन राहिल्या, फोडणी द्यायची हाय का?"

"लेकरायच्या डोक्यावर राहणार हाय ती. मळकी कशाला?"

संध्याकाळी बाबांनी तिला उठवलं. उरलेलं पाणी उद्या काँक्रीटचा माल कालवायला लागणार होतं. ढीग अर्धाही धुऊन झाला नव्हता. सकाळी मुकादमानं धुतलेली, न धुतलेली सगळी खडी एकत्रच मिक्सरमध्ये लोटली. आई रुसून दिवसभर कुणाशी बोलली नाही.

तुकडा कापला, घासून आरशासारखा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सिमेंटनं कडेपर्यंत घट्ट धरलेली एक खडी मला दिसायला हवी होती, एकच. पडद्यावर जिकडेतिकडे काळ्या पोकळ्या. शेजारी बसलेली माझी विद्यार्थिनी सहज म्हणाली, "मॅडम, ह्यांनी खडी धुतली नव्हती."

माझा असा संताप झाला! धुतली होती गं, असं ओरडावंसं वाटलं. बाहेर येऊन भावाला फोन लावला: बाकीचा स्लॅब कुठंय?

"मलबा? जळकोट रोडच्या भरावात गेला की. का गं आक्का?"

काही नाही म्हटलं. आत येऊन विद्यार्थिनीला घरी पाठवलं आणि तोच तुकडा पुन्हा बघायला घेतला. एकेका खडीपाशी थांबत होते, पुढं सरकत होते. प्रत्येक वेळी वाटायचं, ही असेल.