कारण सांगता येतं

"म्हारवाड्यातलं दूध गावच्या क्यानात वतायचं न्हाय. गटारीत वत जा, तितं शोभतंय."

हे वाक्य आधीच सांगून टाकते. कारण पुढचं सगळं ह्या एका वाक्यापायी झालं. बोलला तो आमच्या गावच्या दूध डेअरीच्या चेअरमनचा धाकटा भाऊ. गाव त्याला दादा म्हणतं. म्हणू दे. मी म्हणत नाही.

आमची म्हस व्याली होती. सुरुवातीला दूध मी चहाच्या गाड्यावर घालत होते. बचत गटातल्या बायका म्हणाल्या, डेअरीला घाल की, दिवाळीला बोनस मिळतोय. मी सभासद झाले. सकाळी किटली घेऊन रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. सेक्रेटरीनं फॅट बघायला बाटलीत नमुना घेतला. मी किटली उचलली, मोठ्या क्यानात ओतणार, तेवढ्यात खुर्चीवर बसलेला हा उठला. क्यानावर आडवा हात धरला आणि ते वाक्य बोलला. ओरडून नाही. रोजचं काहीतरी सांगावं तसं. मग माझ्या हातातली किटली हिसकली आणि उंबऱ्यातच उपडी केली.

आत्ता धार काढून आणलेलं दूध. कोमट. माझ्या पायावर पडलं, पायरीवरून गटारीकडं गेलं. कुत्रं आलं, चाटायला लागलं. मागं कोणीतरी हसलं. रांगेत अर्धं गाव होतं, पण एक माणूस जागचा हलला नाही.

माझ्या मागंच आक्का उभी होती. तिच्या रानात मी भांगलायला, तण काढायला जायची. वरच्या जातीची, पण बोलायला गोड. ती हळूच म्हणाली, "दादा, जाऊ दे की. पोरगी हाय." एवढंच. पण बोलली. म्हणजे तिनं ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा.

मी रडले नाही. मला लाज वाटली. आता विचार करते, मला कशाची लाज वाटावी हो? दूध माझं, म्हस माझी, किटली माझी. पण वाटली. त्यानं घाण बोलायचं आणि लाजायचं मी, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबरच पाजलेलं असतं.

नवरा कागलच्या एमआयडीसीत भट्टीवर कामाला. त्यानं खाडा केला आणि आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. दिवसभर बाकड्यावर बसलो. साहेब नवऱ्याला म्हणाले, "पावणं, गावातलीच माणसं. मिटवा की." मी म्हणाले, "मिटवायचं न्हाय." तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "जातीचा दाखला आणलाय काय?"

बघा कसं आहे. डेअरीतल्या त्या माणसाला माझी जात दाखल्याशिवाय कळली होती. सरकारला कळायला दाखला लागत होता. माहेरी फोन लावला. भाऊ गडहिंग्लजहून एसटीनं दाखला घेऊन आला. तोवर चेअरमन स्वतः येऊन आत बसला. आतनं चहाचे कप बाहेर आले. आम्ही बाकड्यावरच.

दिवस मावळताना एका हवालदारानं मला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. मला प्यायला पाणी दिलं. कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करत होता. म्हणाला, "सांगा बाई, काय झालं." मी सांगत गेले. वाक्यापाशी आले. वाक्य सांगितलं. त्याचं बोट थांबलं.

"बाई, असले शब्द सरकारी कागदावर लिवत न्हाईत. जातीवाचक शिवीगाळ केली म्हटलं की सगळं आलं त्यात."

"पर साहेब, त्यो जे बोलला ते..."

"तुमचीच शोभा हुईल. शंभर लोक वाचत्यात ह्यो कागद."

मला वाटलं, असेल बाबा. कायद्यातला माणूस आहे, आपल्या भल्याचंच सांगतोय. मग त्यानं वाचून दाखवलं. 'दुधाच्या रांगेत नंबर लावण्याच्या किरकोळ कारणावरून वाद होऊन.' मी म्हणाले, "नंबरवरनं न्हाय झालं साहेब. आनि किरकोळ बी न्हवतं."

"तसं लिवायची पद्धतच हाय, बाई. खुनाच्या फिर्यादीत बी किरकोळ कारणच असतंय. भांडणाला कायतरी कारण लिवाय लागतंय की."

जात हे कारण त्याच्या हिशेबात कारणच नव्हतं. नंबरचं कुठनं आलं हे मला त्या वेळी सुचलं नाही. आज कळतं, ते चहाच्या कपातनं आलं. खाली आधीच छापून आलं होतं की फिर्याद मला वाचून दाखवली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही केल्याशिवाय गुन्हा दाखल होणार नव्हता. घरी म्हस ओरडत असणार, धार राहिलेली. नवऱ्याला पहाटे पाळीवर जायचं होतं. मी सही केली.

मग तारखा सुरू झाल्या. डेअरीनं माझं दूध नाकारलं असं कुठंच म्हटलं नाही. नुसतं म्हणायचे, "फॅट लागत न्हाय." रोज किटली भरलेलीच परत. शेवटी नवरा सायकलवरून शेजारच्या गावात घालायला लागला. आक्कानं भांगलणीला बोलवायचं बंद केलं. भावकीतलीच माणसं म्हणायला लागली, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. मी म्हणायची, मग शहाण्यांनी मला डेअरीची पायरी चढू द्यायची होती की! पण हे बोलायला सोपं. घरात भांडी आपटायची मी, तेव्हा नवरा म्हणायचा, सोड आता. जायला वाट नव्हती. केस मागं घेतली तर मी खोटी. चालू ठेवली तर गाव उलटं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

वर्षं गेली. माझ्या साक्षीची तारीख लागली. कोल्हापूरला गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी मला गाठलं. हे आमच्या बाजूचे वकील. फाईल उघडली. माझी फिर्याद मी त्या दिवशी पहिल्यांदा उजेडात नीट वाचली. 'जातीवाचक शिवीगाळ' ह्या दोन शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती. समासात लिहिलं होतं, 'नेमके शब्द?'

"हे ते विचारणार," वकील म्हणाले. "नेमके शब्द फिर्यादीत का नाहीत, असं. तुम्ही सांगायचं, मी पोलिसांना सांगितले होते, का लिहिले नाही याचे कारण सांगता येणार नाही. सगळे तसंच सांगतात. पुढं जाऊ."

"पर मला कारण ठावं हाय की साहेब."

"बाई, कोर्टात जास्त बोलू नये. पोलिसांना दोष दिला की केस आपलीच बिघडते."

मी मान हलवली. झालं. परत एका शिकलेल्या माणसानं माझ्या भल्याचं सांगितलं आणि परत मी मान हलवली.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मला उभं केलं. आमच्या वकिलांनी आधी विचारलं तेव्हा मी खाली बघत ते वाक्य अर्धंमुर्धं पुटपुटले. मागच्या बाकावर तो बसलेला. पांढरा शर्ट, पाय पसरून. त्याचा वकील उठला. म्हातारा, आवाज मऊ. त्याच्या हातात माझ्याच फिर्यादीची प्रत होती. जवळ आला तेव्हा मला दिसलं, त्याच दोन शब्दांखाली लाल शाईची रेघ. समासात लिहिलेलं, 'शब्द नाहीत.' माझ्या वकिलाची पेन्सिल आणि त्याच्या वकिलाची लाल शाई, दोन्ही एकाच ओळीवर येऊन थांबल्या होत्या. भोक कुठं आहे हे दोघांनाही माहीत होतं. फक्त ते कोणी पाडलं, हे कोणाला विचारायचं नव्हतं.

"आज तुम्ही जे शब्द सांगितले," तो म्हणाला, "ते फिर्यादीत आहेत का?"

"न्हाईत."

"ते का लिहिलेले नाहीत याचं कारण तुम्हाला सांगता येणार नाही."

हे त्यानं विचारलं नाही. टंकलेखकाकडं बघून सांगितलं. मी तोंड उघडायच्या आत तिकडं बोटं चालायला लागली. न्यायाधीश दुसरा कागद बघत होते. म्हणजे माझं उत्तर माझ्याआधीच लिहून होत होतं. किती बायाबापडे ह्या पिंजऱ्यात उभे राहिले असतील आणि किती जणांच्या तोंडी हे घातलं असेल, कारण सांगता येणार नाही म्हणून! कारण सगळ्यांना सांगता येतं हो. अडाण्यातल्या अडाण्यालाही सांगता येतं. त्याच्याकडनं ऐकून कोण घेतं?

आतनं असा संताप आला की लाकडी कठडा मी दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, मला कारण सांगता येतंय."

टंकलेखकाची बोटं थांबली. आमचे सरकारी वकील माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागले. न्यायाधीशांनी मान वर केली.

"बाई, विचारलंय तेवढंच सांगा."

"तेवढंच सांगतीया साहेब. कारण विचारलंय न्हवं? हवालदारांनी मला सांगितलं, असले शब्द सरकारी कागदावर लिवत न्हाईत. मी सांगितलं होतं. त्यांनी लिवलं न्हाय."

"साहेब, साक्षीदार पढवून आणलेली आहे," म्हातारा वकील म्हणाला. आवाज आता मऊ नव्हता.

पढवलेलं तर होतं की! पढवलेलं जे होतं ते मी बोललेच नाही.

न्यायाधीश टंकलेखकाला म्हणाले, "साक्षीदार म्हणते ते लिहा." आधीचं खोडलं, नवं लिहिलं.

वकील चिडला. मला म्हणाला, "मग सांगा की परत. काय शब्द होते? मोठ्यानं सांगा."

त्याला वाटलं, मी लाजेन. त्याच माणसासमोर, भरल्या कोर्टात, त्याच घाणीत परत पाय घालायला ही बाई कचरेल. कचरले होतेच की मी इतकी वर्षं. नवऱ्यासमोरही ते वाक्य मी पुरं कधी उच्चारलं नव्हतं. मी मागं वळले. त्याच्याकडं बघितलं आणि वाक्य म्हटलं. त्याच्याच सुरात, शब्दाला शब्द. गटारीसकट.

त्यानं पसरलेले पाय आत घेतले.

न्यायाधीश सांगायला लागले, "लिहा. आरोपीने साक्षीदारास उद्देशून जातीवाचक..."

"न्हाय साहेब!"

माझा आवाज इतका मोठा निघाला की दारातला शिपाई आत डोकावला.

"न्हाय साहेब. तसं नगा लिवू. त्यो बोलला तसं लिवा. ठाण्यात बी असंच धुऊन लिवलं. त्येचं त्वांड किती जणांनी धुवायचं?"

कोर्टात असं बोलत नाहीत, मला माहीत आहे. न्यायाधीशांनी तंबी दिली. परत आवाज चढवाल तर बघा, म्हणाले. मी हात जोडले. हात जोडले, पण शब्द मागं घेतले नाहीत. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "सांगा. सावकाश सांगा." मी सांगत गेले आणि एकेक शब्द कागदावर गेला. वतायचं, न्हाय, तितं, शोभतंय. कोर्टाच्या भाषेत नव्हे, त्याच्या बोलीत. खाली सही करायच्या आधी मी पानन् पान वाचलं. शिपाई घाई करत होता. करू दे.

बाहेर आल्यावर सरकारी वकील म्हणाले, "छान बोललात. पण आशा ठेवू नका. फिर्यादीत नाही ते नाही. आरोपीला संशयाचा फायदा मिळेल." संशयाचा फायदा. आम्हाला आजवर संशयाचा फायदा कधी मिळाला नाही, नुसताच संशय मिळाला. पण त्यांचं खरं असेल. तो सुटेल बहुतेक. गावात फटाके लागतील.

राहिली आक्का. पुढच्या तारखेला तिची साक्ष आहे. समन्स आल्यावर ती आमच्या दारात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत ये म्हटलं तर आली नाही.

"मला ह्यात वढू नगंस गं. आमचं बी दूध तितंच जातंय."

"आक्का, तुमी ऐकलंसा काय न्हाई?"

"ऐकलं की."

"मग?"

"तुला म्हणून सांगितलं. कोर्टात न्हाय जमायचं."

मला राग आला आणि कीवही आली. राग जास्त आला. तिची किटली कोणी उपडी केलेली नाही. तरी ती त्याला भिते आणि माझ्या दारात उभी राहून मला समजून घे म्हणते. मी नाही समजून घेणार.

तो सुटला तर मी वरच्या कोर्टात जाणार. त्याच्या आधी येत्या तारखेला कोल्हापूरला जाणार. माझी साक्ष झालीय, आता मला आत बसायला कोणी अडवू शकत नाही. पुढच्या बाकावर बसणार, पिंजऱ्याच्या बरोबर समोर. वकील विचारतील, तुम्ही काय ऐकलं? तिला काही ऐकलं नाही म्हणायचं असेल तर म्हणू दे. पण माझ्या तोंडाकडं बघून म्हणावं लागेल. मी नजर काढणार नाही.